डॉटनेटमध्ये एरर आली की काय करायचं? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

सी शार्प शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण आलेली एरर वाचायची कशी हे तिथे सहसा कुणी शिकवत नाही. मग पहिल्या नोकरीत स्क्रीनवर लाल अक्षरांचा परिच्छेद उमटला की पोरं त्यातली पहिली ओळ उचलतात, सर्चमध्ये टाकतात आणि समोर येईल ते उत्तर कोडमध्ये चिकटवतात. कधी कधी ते चालूनही जातं. पण का चाललं हे कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या फाइलमध्ये तीच एरर पुन्हा हजर होते.

डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मवर, असं अंधारात चाचपडायची खरं तर गरज नाही. इथला कोड ‘मॅनेज्ड’ असतो. सी शार्पचा कोड आधी इंटरमीजिएट लँग्वेजमध्ये, म्हणजे आयएलमध्ये कंपाइल होतो. चालवताना सीएलआर नावाचा रनटाइम त्याचा मशीन कोड करतो आणि मेमरी, टाइप, एक्सेप्शन या सगळ्यांवर लक्ष ठेवतो. सी भाषेत पॉइंटर चुकला तर प्रोग्राम भलत्याच जागी गुपचूप लिहून मोकळा होऊ शकतो. इथे रनटाइम काम थांबवतो आणि कुठल्या मेथडमध्ये, कुणी बोलावल्यावर, काय झालं याचा पंचनामा हातात देतो. तो शेवटपर्यंत वाचायचा, एवढंच आपलं काम.

उदाहरणासाठी एक साधा प्रोग्राम घेऊ: हाउसिंग सोसायटीच्या सभासदांची मेंटेनन्सची बिलं काढणारा. कोडमधले शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, तुम्ही अर्थातच ते नेहमीसारखे इंग्रजीत टाइप करा. (सी शार्पमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव दिलेलं चालतं, पण टीममध्ये असला प्रयोग करू नका.)

सुरुवात करण्याआधी हे जवळ ठेवा

- व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती, जी एकट्याने शिकणाऱ्याला फुकट आहे. किंवा सी शार्पचं एक्स्टेन्शन घातलेला व्हीएस कोड. डीबगिंग शिकायचं असेल तर विंडोजवर पहिला पर्याय घ्या.
- प्रोजेक्टला लागणारा डॉटनेट एसडीके, म्हणजे प्रोग्राम बिल्ड करायची साधनं.
- आयएलस्पाय. तयार डीएलएलच्या (कंपाइल झालेल्या फाइलच्या) आत कोणता कोड आहे ते हे दाखवतं.
- एररचा पूर्ण मजकूर, टेक्स्ट स्वरूपात. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको.
- एरर यायच्या आधी तुम्ही शेवटचं काय बदललं होतं, हे दाखवणारा गिटमधला (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातला) फरक.

## १. तुमचं डॉटनेट कोणतं, ते आधी बघा

एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनं डॉटनेट फ्रेमवर्क २००२ साली आलं, ते फक्त विंडोजवर चालतं आणि त्याची शेवटची आवृत्ती ४.८.१ आहे. नवं २०१६ मध्ये डॉटनेट कोअर म्हणून सुरू झालं. २०२० मध्ये पाचव्या आवृत्तीपासून त्याच्या नावातला ‘कोअर’ गेला. ते लिनक्स आणि मॅकवरही चालतं. ६, ८, १० या सम आकड्यांच्या आवृत्त्यांना तीन वर्षांचा सपोर्ट मिळतो, म्हणून ऑफिसात बहुतेक त्याच दिसतात.

प्रोजेक्टची सेटिंग असलेली सीएसप्रोज फाइल उघडा आणि ‘टार्गेट फ्रेमवर्क’ या शब्दांशेजारी काय लिहिलंय ते बघा. ‘नेट४८’ असेल तर जुनं, ‘नेट८.०’ असेल तर नवं. मशीनवर नव्या डॉटनेटच्या कोणत्या आवृत्त्या बसवलेल्या आहेत ते ‘डॉटनेट’ कमांडला ‘इन्फो’ हा पर्याय दिला की कळतं. एवढ्याने काय साधतं? नेटवर सापडलेलं उत्तर २०१२ सालचं असेल आणि तुमचा प्रोजेक्ट आठव्या आवृत्तीवर असेल, तर त्यातली वेब कॉन्फिग या जुन्या सेटिंग फाइलमधली ओळ तुमच्या काहीही कामाची नाही. हे दोन मिनिटांत कळतं आणि अर्धा दिवस वाचतो.

## २. एरर वरपासून खालपर्यंत वाचा

समजा, हे आलं:

> सिस्टिम.नलरेफरन्सएक्सेप्शन: ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट
> ॲट बिलसेवा.पार्किंगशुल्क(सभासद स) इन बिलसेवा.सीएस, लाइन ४७
> ॲट बिलसेवा.बिलतयारकर(सभासद स) इन बिलसेवा.सीएस, लाइन २१
> ॲट प्रोग्राम.मेन() इन प्रोग्राम.सीएस, लाइन १२

पहिल्या ओळीत एक्सेप्शनचा प्रकार आणि संदेश. त्याखाली मेथडची उतरंड: सगळ्यात वरची ती, जिथे प्रोग्राम कोसळला, तिच्याखालची, जिने तिला बोलावलं, असं करत तळाला मेन. खऱ्या प्रोजेक्टमध्ये ही उतरंड चाळीस ओळींची असते आणि वरच्या दहा-पंधरा ओळी मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररींच्या असतात. त्या बघून दचकू नका. वरून खाली येताना तुमच्या प्रोजेक्टचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. शोध तिथून सुरू करायचा.

ओळीचा आकडाच दिसत नसेल तर बहुधा पीडीबी फाइल (डीबगिंगची माहिती असलेली) डीएलएलच्या शेजारी पोचलेली नाही. तिच्याशिवाय मेथडचं नाव कळतं, ओळ कळत नाही.

संदेशात ‘सी द इनर एक्सेप्शन’ असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही वाचताय ते निव्वळ पाकीट आहे, पत्र आत आहे. एंटिटी फ्रेमवर्क या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीमध्ये सेव्ह करताना येणारं ‘डीबी अपडेट एक्सेप्शन’ हा याचा नेहमीचा नमुना. वरचा संदेश फक्त सेव्ह झालं नाही एवढंच सांगतो. तोच फ्लॅट नंबर आधीपासून टेबलात असल्यामुळे युनिक की आडवी आली, हे आतल्या एक्सेप्शनमध्ये लिहिलेलं असतं. ‘टाइप इनिशियलायझेशन एक्सेप्शन’ आणि ‘ॲग्रिगेट एक्सेप्शन’ यांचंही तसंच. लॉग लिहिताना नुसता ‘मेसेज’ लिहू नका, एक्सेप्शनवर ‘टूस्ट्रिंग’ बोलावून अख्खा मजकूर लिहा, म्हणजे आतलं सगळं आपोआप येतं.

पुढचे दोन सापळे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये तुम्हाला हमखास भेटतील.

रिकामा कॅच ब्लॉक. एक्सेप्शन आलं, गिळलं, कुणाला पत्ता नाही. प्रोग्राम ‘चालतोय’, बिलं मात्र अर्धीच निघालीत. असा ब्लॉक दिसला की आधी त्यात निदान लॉगची एक ओळ घाला, मगच पुढचा शोध.

दुसरा सापळा ‘थ्रो ईएक्स’. पकडलेलं एक्सेप्शन पुन्हा वर पाठवताना नुसतं ‘थ्रो’ लिहायचं असतं. ‘थ्रो ईएक्स’ लिहिलं की उतरंड तिथून नव्याने सुरू होते, मूळ ४७ नंबरची ओळ पुसली जाते आणि कॅच ब्लॉकच कोसळल्यासारखा दिसतो. कोड ॲनालायझर याबद्दल सीए२२०० या नंबराची सूचना देतो, पण सूचनांची यादी उघडून बघतो कोण!

## ३. एरर पुन्हा घडवून आणा

जी एरर हवी तेव्हा आणता येत नाही, ती सुटली की नाही हेही ठरवता येत नाही. कोणत्या सभासदाच्या, कोणत्या महिन्याच्या बिलाला ती येते ते शोधा. तेवढाच डेटा घेऊन चालवा. एकशेवीस सभासदांपैकी एकालाच येत असेल तर लूपमध्ये ब्रेकपॉइंट (डीबगरला थांबवणारी खूण) टाकून एफ५ दाबत बसायचं नाही. ब्रेकपॉइंटवर राइट क्लिक करून अट घाला: फ्लॅट नंबर ‘बी-४०३’ असेल तरच थांब.

व्हिज्युअल स्टुडिओत डीबग मेनूखालच्या ‘विंडोज’मध्ये ‘एक्सेप्शन सेटिंग्ज’ आहे. तिथे ‘कॉमन लँग्वेज रनटाइम एक्सेप्शन्स’वर टिक केली की एक्सेप्शन फेकलं जातं त्याच क्षणी डीबगर थांबतो, ते पुढे कुणी पकडणार असलं तरीही. रिकाम्या कॅच ब्लॉकवर याच्याइतकं चांगलं औषध नाही.

## ४. नल रेफरन्स: एरर घालवणं आणि चूक दुरुस्त करणं वेगळं

सगळ्यात जास्त वेळा भेटणारी एरर हीच. ४७ नंबरच्या ओळीत स.पार्किंग.वाहन.क्रमांक अशी साखळी आहे. डॉटच्या डावीकडचं काहीही नल (म्हणजे ऑब्जेक्टच नसलेलं, रिकामं) असू शकतं: स, पार्किंग किंवा वाहन. एक्सेप्शनवर डीबगर थांबला की व्हिज्युअल स्टुडिओच्या चौकटीत ‘स.पार्किंग वॉज नल’ असं सरळ नाव घेऊन सांगितलेलं असतं.

आता बहुतेक जण काय करतात? डॉटच्या आधी प्रश्नचिन्ह घालतात. म्हणजे पार्किंग नल असेल तर पुढे जाऊ नकोस. एरर गेली, कमिट केलं, विषय संपला.

थांबा. पार्किंग नल का होतं?

एक शक्यता अशी की त्या सभासदाकडे खरंच पार्किंग नाही. मग नल बरोबरच आहे, आणि शुल्क शून्य हा नियम कोडमध्ये स्पष्ट लिहायला हवा. दुसरी शक्यता अशी की पार्किंग डेटाबेसमध्ये आहे, पण आणलंच नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअर जोडलेली टेबलं आपणहून भरत नाही. क्वेरीमध्ये ‘इन्क्लूड’ लिहिलं नाही आणि ती नोंद आधी दुसऱ्या कुठल्या क्वेरीने आणलेली नसेल, तर डेटाबेसमध्ये सगळं असूनही ती प्रॉपर्टी नल राहते. अशा वेळी प्रश्नचिन्ह घातलंत तर एरर जाईल आणि सगळ्या सभासदांचं पार्किंग शुल्क शून्य होईल. कुणी तक्रार करणार नाही, कारण बिल कमी आल्याची तक्रार कोण करतो? ते वर्षाअखेरीस हिशेब तपासताना उघडं पडेल. कोसळणारा प्रोग्राम परवडला, चुकीची बिलं काढणारा परवडत नाही.

म्हणून क्रम असा: काय नल आहे ते बघा, ते नल असायला हवं का ते विचारा, नको असेल तर ते जिथे भरायला हवं होतं तिथपर्यंत मागे जा आणि दुरुस्ती तिथे करा.

सी शार्प ८ पासून कंपायलर या बाबतीत आधीच इशारा देऊ शकतो. ‘नलेबल’ सेटिंग चालू असेल तर जिथे नल येऊ शकतं तिथे इशाऱ्याची नागमोडी रेघ दिसते. डॉटनेट ६ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये ते चालूच असतं. ती रेघ घालवायला उद्गारचिन्ह लावायची सोय आहे, पण त्याने फक्त कंपायलर गप्प बसतो. चालताना कसलीही तपासणी होत नाही.

## ५. यादी आणि शोध: पटकन उरकू

फोरईच लूप चालू असताना त्याच लिस्टमधून काही काढलं तर ‘कलेक्शन वॉज मॉडिफाइड’ येतं. ‘रिमूव्हऑल’ वापरा, किंवा ‘टूलिस्ट’ने प्रत काढून त्या प्रतीवर फिरा.

‘सीक्वेन्स कंटेन्स नो एलिमेंट्स’ म्हणजे ‘फर्स्ट’ बोलावलं आणि यादी रिकामी निघाली. ‘फर्स्टऑरडिफॉल्ट’ने एरर जाते, पण पुढे नल मिळतं आणि तुम्ही चौथ्या पायरीवर परत येता. डिक्शनरीत ती ‘की’ नसेल तर ‘ट्रायगेटव्हॅल्यू’ वापरा. प्रॉपर्टीचा ‘गेट’ स्वतःलाच बोलवत असेल तर स्टॅक ओव्हरफ्लो, आणि ते कॅच करता येत नाही, प्रोसेसच मरते. नावातलं एक अक्षर मोठं-छोटं झालं की हे होतं, म्हणून आधी तेच तपासा.

## ६. पैसे आणि तारखा: इथे एरर येत नाही, हाच त्रास

पैशासाठी ‘डबल’ कधीही नको. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का, असं डबलमध्ये विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. गंमत म्हणजे जुन्या फ्रेमवर्कवर ती बेरीज छापली तर ०.३ च दिसते, कारण छापताना ते आकडे कमी करतं. डॉटनेट कोअर ३.० पासून ०.३०००००००००००००००४ असं खरं रूप दिसतं. रुपयांसाठी ‘डेसिमल’ घ्या आणि आकड्यामागे एम लावा.

पूर्णांकांचा भागाकार हा दुसरा सापळा. १८ टक्के जीएसटी काढायला रकमेला कंसातल्या १८ भागिले १०० ने गुणलं, तर कर शून्य येतो, कारण दोन्ही इंट असल्यावर १८ भागिले १०० म्हणजे शून्य. आणि ‘मॅथ.राउंड’ २.५ चे २ करतं, ३.५ चे ४. ही बँकर्स राउंडिंगची पद्धत आहे, नुसतं राउंड लिहिलं की तीच लागू होते. तुमच्या सोसायटीच्या अकाउंटंटला २.५ चे ३ हवे असतील तर ‘मिडपॉइंटराउंडिंग.अवेफ्रॉमझीरो’ लिहावं लागतं. कोणती पद्धत हवी ते त्यांनाच विचारा, स्वतः ठरवू नका.

तारखेचा घोळ याहून वाईट. ‘०५/०४/२०२५’ हा मजकूर ‘डेटटाइम.पार्स’ला दिला तर भारतीय सेटिंग असलेल्या लॅपटॉपवर ५ एप्रिल होतो, अमेरिकन सेटिंग असलेल्या सर्व्हरवर ४ मे. सर्व्हर बऱ्याचदा अमेरिकन सेटिंगवरच असतो. आता पुढचं नीट बघा: १ ते १२ तारखांना काहीच एरर येत नाही, दिवस आणि महिना गुपचूप उलटे पडतात. १३ तारखेला तेरावा महिना सापडत नाही आणि ‘फॉरमॅट एक्सेप्शन’ येतं. म्हणजे जी एरर तुम्हाला तेराव्या दिवशी दिसते, तिने आधीच्या दिवसांचा डेटा केव्हाच बिघडवलेला असतो. एरर दुरुस्त करून थांबू नका, मागच्या नोंदीही तपासा.

उपाय ‘पार्सएक्झॅक्ट’. त्यात फॉरमॅट स्वतः द्यायचा आणि कल्चर म्हणून ‘इनव्हेरियंटकल्चर’. फॉरमॅट लिहिताना महिन्यासाठी मोठा एम, मिनिटांसाठी छोटा. हे उलटं झालं तर तारखेत महिन्याच्या जागी मिनिटं बसतात.

वेळेबद्दल एकच सांगतो. क्लाउडवरचं मशीन साधारणपणे यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे ‘डेटटाइम.नाऊ’ वापरून १ तारखेला पहाटे दोनला बिल काढलं तर ते आदल्या महिन्यात जाऊन बसतं. साठवताना यूटीसी ठेवा, दाखवताना भारतीय वेळ करा. त्यासाठी लागणाऱ्या टाइम झोनचं नाव विंडोजवर ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ आणि लिनक्सवर ‘एशिया/कोलकाता’ असं आहे. डॉटनेट ६ पासून सहसा दोन्ही नावं दोन्हीकडे चालतात. त्याआधीच्या आवृत्तीवर चुकीचं नाव दिलं की ‘टाइमझोन नॉट फाउंड’.

## ७. मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं

डेटाबेसमध्ये ‘ज्ञानेश्वर’ साठवलं आणि प्रश्नचिन्हांची रांग परत आली, तर फाँटला दोष देऊ नका. एसक्यूएल सर्व्हरमधला कॉलम ‘व्हारकार’ आहे का बघा. तो ‘एनव्हारकार’ हवा. कॉलम बरोबर असेल तर क्वेरी मजकूर जोडून बनवली आहे का आणि अवतरणचिन्हाआधीचा एन राहिला आहे का, ते तपासा. पॅरामीटर वापरले की हा प्रश्न सहसा उरतच नाही, शिवाय एसक्यूएल इंजेक्शनही टळतं. आधी साठलेली प्रश्नचिन्हं मात्र परत मराठी होत नाहीत. मूळ अक्षरं गेलेली असतात, डेटा पुन्हा भरावा लागतो.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसत असतील तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ओळखायची खूण) नाही. ‘यूटीएफ८एन्कोडिंग’ बनवताना ‘ट्रू’ द्या.

‘ज्ञानेश्वर’ची ‘लेंग्थ’ विचारली तर उत्तर १० येतं. डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात, पण डॉटनेट हलन्त आणि काने-मात्रे वेगळे मोजतं. त्यामुळे पावतीवर नाव मावावं म्हणून ‘सबस्ट्रिंग’ने कापलं तर मधूनच मात्रा तुटते. कापायचंच तर ‘स्ट्रिंगइन्फो’ वापरा.

आणि हा खास आपला त्रास: ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण बरोबरीच्या चिन्हाने तपासलं तर उत्तर ‘फॉल्स’, आणि सभासद यादीत असूनही सापडत नाही. ‘नॉर्मलाइझ’ मेथडने हे दोन प्रकार एक होत नाहीत. मजकूर साठवण्याआधी एक प्रकार दुसऱ्यात बदलून घेणारी छोटी मेथड स्वतःच लिहावी लागते.

## ८. असिंक: गोठलेली खिडकी

बटण दाबलं, खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं, एरर काहीच नाही. विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ किंवा जुन्या एएसपी डॉटनेटमध्ये असं झालं तर आधी कोडमध्ये ‘.रिझल्ट’ किंवा ‘.वेट’ शोधा. होतं असं: मुख्य थ्रेड उत्तराची वाट बघत अडून बसतो. आतल्या असिंक, म्हणजे थ्रेड न अडवता उत्तराची वाट बघणाऱ्या, मेथडला ‘अवेट’नंतरचं काम पुरं करायला तोच मुख्य थ्रेड हवा असतो. दोघेही एकमेकांसाठी थांबतात ते कायमचे.

उपाय एकच, वरपासून खालपर्यंत ‘अवेट’. मध्ये एका जागी जरी ‘.रिझल्ट’ ठेवलात तरी धोका राहिला. एएसपी डॉटनेट कोअरमध्ये हा विशिष्ट गुंता होत नाही, पण गर्दीच्या वेळी थ्रेड अडकून पडतात आणि साइट संथ होते, म्हणून सवय तिथेही तीच ठेवा.

‘असिंक व्हॉइड’ फक्त बटणासारख्या इव्हेंट हँडलरसाठी. इतरत्र ‘असिंक टास्क’. व्हॉइडमधून बाहेर पडलेलं एक्सेप्शन बोलावणाऱ्याला पकडता येत नाही आणि अख्खी प्रोसेस पडू शकते. ‘अवेट’ लिहायचा राहिला तर असिंक मेथडच्या आत कंपायलर सीएस४०१४ ही सूचना देतो. ती सूचना एररमध्ये बदलून ठेवा, टीम धन्यवाद देईल.

## ९. कनेक्शन आणि मेमरी

‘टाइमआउट... प्रायर टू ऑब्टेनिंग अ कनेक्शन फ्रॉम द पूल’ असा संदेश आला तर डेटाबेस संथ आहे असं समजून डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) मागे लागू नका. पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, डिफॉल्टने जास्तीत जास्त १०० कनेक्शन असतात. ती उघडून बंद न करता सोडली की पुढच्याला मिळत नाही आणि १५ सेकंद थांबून ही एरर येते. तुमच्या लॅपटॉपवर एकटेच असता म्हणून तिथे कधी दिसत नाही. प्रत्येक कनेक्शन आणि रीडर ‘यूझिंग’मध्ये ठेवा, म्हणजे काम झालं की ते आपोआप बंद होतं. पूलचा आकडा वाढवून फक्त मरण पुढे ढकललं जातं.

‘एचटीटीपीक्लायंट’ (वेबवर विनंत्या पाठवणारा क्लास) याची गोष्ट उलटी. प्रत्येक विनंतीला नवा बनवून ‘यूझिंग’मध्ये टाकला तर सॉकेट संपत जातात. वेब प्रोजेक्टमध्ये तो फॅक्टरीकडून घ्या.

गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा) आहे म्हणजे मेमरी गळत नाही, हा गैरसमज आहे. ज्याचा संदर्भ कुणीतरी धरून ठेवलाय ते तो उचलत नाही. स्टॅटिक लिस्टमध्ये भर घालत राहणं आणि इव्हेंटला जोडून कधीच न सोडणं, ही नेहमीची दोन कारणं. व्हिज्युअल स्टुडिओत मेमरीचे दोन स्नॅपशॉट घ्या, एक कामाआधी, एक नंतर. कोणत्या क्लासची संख्या वाढत चाललीय ते तिथे दिसतं.

## १०. ‘माझ्याकडे तर चालतं’

असेंब्ली (म्हणजे डीएलएल) सापडत नाही अशी एरर आली तर बिन आणि ओबीजे हे दोन्ही फोल्डर उडवून पुन्हा बिल्ड करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. जुन्या फ्रेमवर्कवर तरीही येत असेल तर कॉन्फिगमधले बाइंडिंग रीडायरेक्ट (कोणती आवृत्ती वापरायची ते सांगणाऱ्या ओळी) आणि प्रत्यक्षातली आवृत्ती जुळते का बघा. ‘बॅड इमेज फॉरमॅट’ म्हणजे बहुतेक वेळा ३२ बिट आणि ६४ बिटची सरमिसळ.

आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर ५००.३० ही एरर आली तर ॲप सुरू होतानाच कोसळलंय. ब्राउझरकडे टक लावून उपयोग नाही. सर्व्हरवरचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, किंवा पब्लिश केलेल्या फोल्डरमध्ये जाऊन ॲपची डीएलएल कमांड प्रॉम्प्टवरून थेट चालवा. खरं एक्सेप्शन तिथे छापलं जातं. बहुधा कनेक्शन स्ट्रिंग चुकलेली असते किंवा एखादी सर्व्हिस रजिस्टर करायची राहिलेली असते. लिनक्सवर फाइलच्या नावातलं मोठं-छोटं अक्षर वेगळं धरतात, हेही ध्यानात ठेवा.

एंटिटी फ्रेमवर्क कोअर ७ वर गेल्यावर अचानक सर्टिफिकेटवर भरवसा नाही अशी एरर येऊ लागली, तर कोड बिघडलेला नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल क्लायंटच्या चौथ्या आवृत्तीपासून कनेक्शन डिफॉल्टने एन्क्रिप्ट होतं. ‘ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट’ चालू करायचा सल्ला सगळीकडे मिळेल. स्वतःच्या मशीनवर ठीक आहे, प्रॉडक्शनवर नको. तिथे खरं सर्टिफिकेट बसवून घ्या.

## ११. मदत मागायची तर अशी

सीनियरला ‘सर, चालत नाहीये’ एवढाच मेसेज पाठवू नका. हे द्या: डॉटनेटची आवृत्ती, एररचा पूर्ण मजकूर आतल्या एक्सेप्शनसकट, कोणत्या डेटाला येते, काय अपेक्षित होतं, आणि तुम्ही आतापर्यंत काय करून बघितलं. जमलं तर नवा कन्सोल प्रोजेक्ट करून तीच एरर वीस-पंचवीस ओळींत आणून दाखवा. हे करता करता निम्म्या वेळा उत्तर तुम्हालाच सापडतं आणि मेसेज पाठवायची वेळच येत नाही.

कोड बाहेर कुठेही डकवताना कनेक्शन स्ट्रिंग काढून टाका. पासवर्ड चुकून गिटमध्ये गेलाच असेल तर ती ओळ पुसून पुन्हा कमिट करणं पुरत नाही, जुन्या कमिटमध्ये तो तसाच राहतो. आधी पासवर्ड बदला, इतिहासाची साफसफाई मागाहून करता येईल.